विहिरीतली चाल

खुशालरावांनी पेटीची खोळ काढली, झटकली, तिची घडी घातली. घडी मनासारखी झाली नाही म्हणून मोडून पुन्हा घातली. मग पेटी दोन्ही हातांनी उचलून त्यांनी नितेशच्या पुढ्यात आणून ठेवली.

"हं, होऊ द्या मंग," ते म्हणाले.

नितेशच्या हातात पोह्यांची प्लेट होती. मुलगी पाहायला गेल्यावर कसं बसायचं, याचा त्याला आता चांगला सराव झाला होता. पोहे अर्धेच खायचे. पाणी मात्र पूर्ण प्यायचं. भिंतीवरच्या फोटोतल्या माणसांबद्दल विचारायचं नाही, आणि शेती किती असं कोणी विचारलं की वडिलांकडे पाहायचं. पेटी पुढ्यात आली तर काय करायचं, हे त्या सरावात नव्हतं.

चूक त्याच्या आईची होती. बार्शीटाकळीहून अमरावतीला निघण्याच्या कितीतरी आधी, फोनवर, मुलीचे काका नत्थुजी यांनी सहज विचारलं होतं, "पोराले काही शौक-गिक?" हा प्रश्न सहसा दारूबद्दल असतो. इंदूबाई घाईघाईने बोलून गेल्या, "संगीताचा हाये जी. दुसरा कोणताच नाही." त्या खोटंही बोलल्या नव्हत्या. नितेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि सकाळी शटर वर गेल्यापासून तिथे संगीत चालू असायचं. फक्त ते व्हिडिओ गेममधलं असायचं.

त्यात शब्द नसत, गाणारा नसे. गिऱ्हाईक काउंटरवर टेकून म्हणायचं, "नितेशभाऊ, कोणाचा तरी फोन वाजून राहिला." नितेश हो म्हणायचा आणि आवाज थोडा कमी करायचा. गेम खेळणं त्याने केव्हाच सोडलं होतं. खेळायला हात लागतात, आणि त्याचे हात दिवसभर दुसऱ्यांच्या फोनच्या पोटात अडकलेले असायचे. ऐकायला मात्र कान मोकळे होते. कुठल्या गेममध्ये बर्फाच्या टप्प्यावर काय वाजतं, राक्षस दिसायच्या आधी कोणतं वाद्य गप्प होतं, तलवारी विकणाऱ्या म्हाताऱ्याच्या दुकानात कोणती चाल असते, हे त्याला ठाऊक होतं. ती दुकानाची चाल लावून तो बॅककव्हर विकत असे. हरल्यावर वाजणाऱ्या तुकड्यांचा त्याच्याकडे वेगळा संग्रह होता. अख्ख्या अमरावती विभागात तेवढा कोणाकडे नसावा. पण कोणी कधी विचारलं नसल्यामुळे हा मान त्याला एकट्यालाच माहीत होता.

आता पेटी पुढ्यात होती आणि खोलीतले सगळे त्याच्याकडे पाहत होते. समोर मुलीचे वडील खुशालराव, खुर्चीवर नत्थुजी, त्यांच्या शेजारी त्याचे वडील भगवंतराव, पलंगाच्या कडेला आई, आणि आतल्या दाराशी रागिणी. तिने पोहे दिले तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा पाहायचं नाही, हाही सरावाचाच भाग होता.

"एखादं भजन," इंदूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात विनंती होती आणि धमकीही.

"गाव कोणतं म्हनलं तुमचं?" खुशालरावांनी विचारलं.

"बार्शीटाकळी जी," भगवंतराव म्हणाले.

"चांगलं गाव हाये."

नितेशने प्लेट बाजूला सरकवली. गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकलेला आणि कधीच परत न नेलेला एक छोटा कीबोर्ड त्याच्या दुकानात होता. त्यावर तो दोन बोटांनी काही चाली उतरवून घेत असे. भजनाची त्यात एकही नव्हती. त्याने भाता उघडला, श्वास घेतल्यासारखा आवाज झाला, आणि बोटं आपोआप जिथे जायची तिथे गेली.

ती विहिरीतली चाल होती.

लहानपणी टीव्हीला जोडायचे ते गेम असत, पिवळ्या कॅसेटीचे. कॅसेटीवर नऊशे नव्याण्णव गेम असं छापलेलं असे. आत सात-आठच निघत, तेच ते, कपडे बदलून. त्यात एक सशाचा होता. ससा पळत पळत एका मळ्यातून जायचा आणि तिसऱ्या टप्प्यात विहिरीत पडायचा. विहिरीत पडला की वरची उड्या मारणारी धून बंद व्हायची आणि ही सुरू व्हायची. संथ, गोल, पाण्यात बुडवून काढल्यासारखी. ती चार पायऱ्या वर चढायची, पाचवीवर पोचल्यासारखं वाटायचं, आणि हळूच घसरून पहिल्या पायरीवर यायची. ससा खाली पोहत राहायचा.

नितेशने ती एकदा वाजवली, दुसऱ्यांदा वाजवली. पेटीवर ती कीबोर्डपेक्षा चांगली वाजत होती, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो थोडा घाबरला.

तिसऱ्या फेरीला खुशालरावांनी डोळे मिटले आणि मांडीवर ठेका धरला. नेमका दादरा. मान डोलायला लागली. ते भजनी मंडळातले जुने पेटीवाले होते, असं नत्थुजींनी आल्या आल्या सांगितलं होतं. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती. ते काहीतरी गुणगुणत होते आणि ते बरोबर होतं. वर चढताना ते नितेशच्या बोटांच्या आधी पोचत होते.

"पाहा," इंदूबाई भगवंतरावांच्या कानात म्हणाल्या. भगवंतरावांनी पाहिलं. आपला मुलगा पेटी वाजवतो हे त्यांनाही आजच कळत होतं, पण तसं दाखवणं बरं दिसलं नसतं.

"जुनी चाल हाये," खुशालराव डोळे न उघडता म्हणाले. "आमच्या श्यामची."

नत्थुजी खाकरले. "श्याम म्हंजे हिचा भाऊ. पुण्याले असते. कंपनीत."

"रोज लावते तो," खुशालराव म्हणाले. "समोरच्या खोलीत." मग त्यांनी डोळे उघडले. "हे संपते कुठी?"

"संपत नाही जी," नितेश म्हणाला. "पुन्हा पहिल्यापासून येते."

"भजन असंच पाहिजे," नत्थुजी घाईने म्हणाले. "बरं, आता पोरापोरीले दोन शब्द बोलू द्या. रागिणी, याइले गच्ची दाखव."

"गाव कोणतं म्हनलं?" खुशालरावांनी विचारलं.

"बार्शीटाकळी," या वेळी इंदूबाईंनी सांगितलं, आणि त्या कौतुकाने हसल्या. इतक्या आपुलकीने आजवर त्यांना कोणी गाव विचारलं नव्हतं. लोक एकदाच विचारायचे, आणि उत्तर ऐकून विषय बदलायचे.

गच्चीवर पाण्याची टाकी होती, दोरीवर एक धोतर वाळत होतं आणि चहूबाजूंनी राजापेठेतल्या क्लासेसच्या पाट्या दिसत होत्या. प्रत्येक पाटीवर यशस्वी झालेल्या मुलांचे फोटो होते. त्यांच्याखालच्या रस्त्यावर अजून यशस्वी न झालेली मुलं गाड्यांचे हॉर्न वाजवत होती. रागिणी त्यातल्याच एका क्लासमध्ये गणित शिकवायची.

ती टाकीच्या सावलीत उभी राहिली. नितेश उन्हात उभा राहिला, कारण सावली तेवढीच होती. शेजारी आल्यावर ती आपल्यापेक्षा बोटभर उंच आहे, हे त्याला दिसलं.

"सशाची हाये ना ते?" ती म्हणाली.

त्याला वाटलं, ती दुसऱ्याच कशाबद्दल बोलते आहे.

"तिसरा टप्पा. विहीर."

"तुमी खेळत होत्या?"

"मले कुठी खेळू देत होता श्याम. कंट्रोलरच देत नोता. मी मागं बसून निरा ऐकत होती."

"मीबी आता निरा ऐकतो," नितेश म्हणाला. एवढं बोलून तो थांबला. मग न राहवून म्हणाला, "त्या गेममधी रात्रीच्या मळ्याचीबी एक चाल होती. विहिरीच्या नंतरची. लय चांगली हाये."

"आमी नाही ऐकली. श्याम कधी विहिरीतून निघालाच नाही. सा वर्षं. त्याले लय लाज वाटायची त्याची. बाबा आतून ओरडायचे, कमी कर तो आवाज, कमी कर."

"निघता येतच नोतं," नितेश म्हणाला. "वरून एक दोर येते, तो धरून निघाचं असते. मी मोठं झाल्यावर पाह्यलं. आपल्याइकडं ज्या कॅसेटी येत होत्या त्या नकली होत्या. त्याच्यात दोरच नोता."

रागिणीने धोतराचं टोक हातात घेतलं. ते वाळलं होतं. तिने ते चिमट्यातून काढलं नाही, नुसतं धरून ठेवलं.

"म्हंजे कोणालेच नाही जमलं."

"कोणालेच नाही. मलेबी नाही."

"त्याले हे माहीत नोतं," ती म्हणाली.

"सांगा मंग त्याले."

"तो फोन नाही उचलत." तिने टोक सोडलं. "मागं आला होता दिवाळीले. बाबानं दार उघडलं. म्हने, कोणाकडं आले भाऊ? श्याम हासला, त्याले वाटलं गंमत करून राहिले. मंग बाबा म्हने, आमचा श्याम घरी नाही, थांबा, येईनच तो. अन् त्यालेच पाणी आणून देल्लं. तवापासून नाही आला तो."

खाली खुशालरावांनी तीनदा... नाही, दोनदा गाव विचारलं होतं. नितेशने मनातल्या मनात मोजलं आणि मोजल्याची त्याला लाज वाटली.

"पोरीकडचं कोणी हे सांगत नाही," रागिणी म्हणाली. "काकानं बजावलं होतं, माणसं जाइपर्यंत बाबाले जास्त बोलू देऊ नको. पन तुमी ते वाजवलं. वर्ष झालं, त्याइनं कशालेच ठेका धरला नोता. पेटीची खोळ काढून घडी घालते, पुन्हा चढवते. दिवसभर तेच."

"बरा धरतात ठेका," नितेश म्हणाला.

"मले लग्न नाही कराचं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. वर्गात पुढचं गणित सांगावं तसं तिने सांगितलं. "तुमच्यात काही नाही. कोणासंगंच नाही. मी गेली की काका बाबाले आश्रमात ठेवनार हाये. जागा पाहून ठेवली. बाबाले विचारलं, जाता का? तर हो म्हनते. कुठी जायाचं ते दोन मिनिटात विसरते, म्हनून हो म्हनते."

"मंग तुमी नाही म्हना."

"माहे नकार संपले. मागच्या वेळी काका सगळ्याइसमोर म्हनले, आता पोराकडून हो आलं की हो. तिले विचारनार नाही कोणी." ती प्रथमच त्याच्याकडे सरळ पाहत होती. "तुमी म्हना. तुमाले सवय असन."

"सवय हाये नकाराची," नितेश म्हणाला. "घ्यायची. द्यायची नाही."

ती हसली. खरंच हसली. त्यामुळे पुढचं सगळं अवघड झालं. नितेशने आतापर्यंत इतक्या घरांचे पोहे खाल्ले होते, पण कोणी त्याच्याशी विहिरीबद्दल बोललं नव्हतं. कोरडवाहू शेती, बार्शीटाकळी, सरकारी नोकरी नाही, दुकान भाड्याचं, मुलगा वयाने मोठा, मुलगा दिसायला शांत म्हणजे नक्की काहीतरी असेल, अशी कारणं देऊन त्याला नाकारण्यात आलं होतं. एका घराने कारणही दिलं नव्हतं, नुसता नंबर ब्लॉक केला होता. आणि ही इथे टाकीच्या सावलीत उभी होती, जिला तिसरा टप्पा माहीत होता.

"बाबालेबी आना," तो म्हणाला.

"कुठी?"

"बार्शीटाकळीले. आमच्या घरी. त्याइले मी पेटी वाजवून दाखवीन. दुकानातबी बसतीन. तिथं चालूच असते सगळं."

खालून इंदूबाईंचं हसणं वर आलं. भरल्या घरातलं, मोकळं, आपलं काम झालेल्या बाईचं हसणं. रागिणीने जिन्याकडे पाहिलं.

"तुमच्या आईले विचारून सांगता?"

नितेशही जिन्याकडे पाहू लागला. त्याच्या आज्याची, भगवंतरावांच्या वडिलांची, शेवटची वर्षं बैलांच्या गोठ्याला लागून असलेल्या कोठीत गेली होती. म्हातारा जेवल्याचं विसरतो आणि पुन्हा मागतो, म्हणून. ताट दाराच्या आत सरकवायचं काम तेव्हा नितेशकडे होतं. बैल विकले त्या वर्षी कोठीही रिकामी झाली. इंदूबाई वाईट नव्हत्या. एका माणसाने आयुष्यात एकच म्हातारा सांभाळायचा असतो असं त्यांचं मत होतं, आणि तो त्यांनी त्यांच्या परीने सांभाळला होता.

विचारून सांगतो, एवढे दोनच शब्द होते. ते ओठांपर्यंत आलेही. खाली कुठेतरी क्लासची घंटा झाली आणि मुलांचा लोंढा रस्त्यावर उतरला. त्या गोंगाटात तो काही बोलला असता तरी तिला ऐकू गेलं नसतं. म्हणून तो गोंगाट ओसरायची वाट पाहत राहिला. ओसरल्यावर रागिणी म्हणाली,

"जाऊ द्या. तुमी म्हनले तरी. आजपर्यंत कोणी म्हनलं नोतं."

ती आधी जिना उतरली. दोन पायऱ्या खाली गेल्यावर वर न बघता म्हणाली, "आजच सांगून द्या बरं. काका उद्या आश्रमवाल्याले फोन करनार हाये."

निघताना नत्थुजींनी भगवंतरावांच्या खांद्यावर दुपट्टा टाकला, डोक्यावर टोपी ठेवली. होकार आल्यासारखाच सगळा थाट होता. खुशालराव पेटीपाशीच बसून राहिले. खोळ चढवायची त्यांनी थांबवली होती आणि हात मांडीवर एका ठेक्याने पडत होता. समोर कोणी वाजवत नव्हतं. नितेश त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याला तोंडभर आशीर्वाद दिला आणि हळूच विचारलं, "आवाज कमी करू का रे?"

"नको जी," नितेश म्हणाला. "राहू द्या."

भाड्याची गाडी बडनेरा ओलांडून अकोल्याच्या रस्त्याला लागली. इंदूबाईंनी तोपर्यंत मांडव कुठे घालायचा ते ठरवलं होतं.

"पोरगी बोलाले कमी हाये. म्हंजे आपल्याले पाह्यजे तशीच. अन् बाप काय मायाळू माणूस. दोन-दोनदा गाव विचारलं."

पुढच्या सीटवर भगवंतराव टोपी डोळ्यांवर ओढून झोपले होते. नितेश बाहेर पाहत होता. मघापासून तो रागिणीतला दोष शोधत होता. त्याला स्वतःला मिळालेली सगळी कारणं त्याने तिला एकेक करून लावून पाहिली. एकही बसेना.

"मले नाही पसंत," मूर्तिजापूर जवळ आलं तेव्हा तो म्हणाला.

ड्रायव्हरने रेडिओ लहान केला. भगवंतरावांनी टोपी वर केली.

"काय नाही पसंत?" इंदूबाईंनी विचारलं.

"पोरगी."

"काहून?"

"उंची."

"कमी का जास्त?" भगवंतरावांनी विचारलं.

नितेशला पटकन ठरवता आलं नाही. "कमी," तो म्हणाला.

दोघं जिना उतरून खोलीत शेजारी उभे राहिले तेव्हा रागिणी त्याच्यापेक्षा बोटभर उंच आहे, हे खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. भगवंतरावांनी आरशातून मुलाकडे पाहिलं आणि टोपी पुन्हा डोळ्यांवर ओढली. नितेश आईच्या शिव्यांची वाट पाहत राहिला. त्याचं वय, त्याचं दुकान, त्याची टिंगटिंग, आणि एवढं करून याचा माज, हे सगळं आता येईल आणि ते योग्यच असेल, अशी त्याने तयारी ठेवली.

पण इंदूबाई सीटवर ताठ बसल्या. पदर नीट केला, चष्मा लावला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "बाबू, गाडी बाजूले घे. रेंज गेली तर अर्धं बोलनं होईन."

गाडी एका चहाच्या टपरीपाशी थांबली. फोन लागला.

"नत्थुजी, इंदूबाई बोलून राहिली. नाही, पोचलो नाही अजून. म्हनलं तुमाले ताटकळत ठेवनं बरं नाही, लवकर सांगून द्यावं. आमच्या पोराच्या मनात नाही बसली जी." त्यांनी थोडं थांबून ऐकलं. "नाही, नाही. पोरगी गुणाची हाये तुमची. भेटन तिले तिच्या जोगं कोणीतरी. आता आजकालच्या पोराइले काय बोलाचं? त्याइच्या पसंतीनंच घ्या लागते."

यातलं प्रत्येक वाक्य त्यांनी आजवर कानाने ऐकलेलं होतं, आणि कोणत्या शब्दावर किती थांबायचं हेही त्यांच्या लक्षात होतं. पलीकडून नत्थुजींचा आवाज बारीक होत चालला होता. ताई, एकदा विचारून पाहा पोराले, असं काहीतरी ते म्हणत होते.

"पाहू," इंदूबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

भगवंतराव खाली उतरले. त्यांनी चार चहा सांगितले, एक ड्रायव्हरसाठी, आणि टोपी काढून पुन्हा नीट बसवली. टपरीवाल्याने विचारलं, लग्नाचं पाहून आले का काका? ते म्हणाले, "पाहाले गेलतो. नाही आली पसंत आमाले." टपरीवाल्याने त्यांच्याकडे आदराने पाहिलं आणि चहा वरपर्यंत भरला.

इंदूबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मग त्यांनी नितेशच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"हा दिवस पाहाले भेटन," त्या म्हणाल्या, "असं मले वाटलंच नोतं."